पॉइंट पुसायला लग्नपत्रिका

माझा धंदा ठिणगीचा. आग लावायचा नव्हे, ते काम आमच्या सोसायटीची कमिटी करते. मी होड्यांची मशीनं दुरुस्त करायचो. होडीच्या पाठीमागच्या फळीवर अडकवलेलं, खाली पंखा पाण्यात आणि वर टोपडं घातलेलं जे इंजिन दिसतं ना, ते. कागदावर त्याला आउटबोर्ड म्हणतात. आम्ही नुसतं 'मशीन' म्हणायचो. माझगावपासून कॉटन ग्रीनपर्यंतच्या धक्क्यांवर 'गौतम मिस्त्री कुठे बसतो' विचारलं, तर कुणीही माझी शेड दाखवली असती. आता ती शेड नाही, तिथे पत्रे ठोकलेत.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या आयुष्यातला संघर्ष लिहा." म्हटलं, बाई, संघर्ष कसला आलाय? दोरी ओढली, मशीन चालू झालं की जेवायला बसलो. नाही झालं की पुन्हा दोरी ओढली. यातच जन्म गेला. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि मी दारूखान्यात, म्हणजे जुनी जहाजं तोडतात त्या धक्क्यावर, चाचांच्या हाताखाली लागलो. चाचा म्हणजे माझे उस्ताद. पहिल्याच दिवशी त्यांनी प्लगची वायर माझ्या हातात दिली, म्हणाले "पकड के रख," आणि दोरी ओढली. मी जो उडालो तो थेट ऑइलच्या डब्यावर. चाचा शांतपणे म्हणाले, "समझा? करंट आ रहा है. मशीन चंगा है." आमची शाळा ही अशी.

आता ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कंटाळू नका. मशीनला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा आणि वेळेवर ठिणगी. पेट्रोल डोळ्यांना दिसतं, हवा फुकट मिळते. सगळी भानगड ठिणगीची. जुन्या मशीनला बॅटरी नसते. वर एक जड चाक असतं, त्याला आतून चुंबक. दोरी ओढली की चाक फिरतं आणि खालच्या कॉइलमध्ये करंट तयार होतो. तिथेच 'पॉइंट' असतात. पॉइंट म्हणजे मसुराच्या डाळीएवढ्या दोन टिकल्या. त्या एकमेकींना टेकतात आणि सुटतात. टेकल्या की करंट वाहतो, सुटल्या रे सुटल्या की कॉइल झटका देते आणि प्लगवर ठिणगी पडते. टेकल्याच नाहीत तर सुटणार काय? मग ठिणगी नाही आणि मशीन म्हणजे लोखंडाचा गोळा. दोन सिलिंडरच्या मशीनला पॉइंटच्या दोन जोड्या. एक रुसली तर मशीन एका पायावर लंगडत चालतं. दोन्ही रुसल्या तर खेळ खलास.

आणि खारं वारं म्हणजे या टिकल्यांची सवतच. आठवडाभर मशीन उभं राहिलं तरी त्यांच्यावर पांढुरकी बुरशी चढते. ती पुसावी लागते. कशाने पुसाल? चिंधीचा धागा आत राहतो. पॉलिश पेपरची वाळू राहते. बोटाचं तेल लागलं तर आणखी घाण. चाचांनी शिकवलेला इलाज म्हणजे लग्नपत्रिका. तेव्हाच्या पत्रिका जाड, खरबरीत, कोरड्या असायच्या. त्यातली एक पट्टी कापायची, टिकल्यांच्या मधे सरकवायची आणि ओढायची. काळी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबेपर्यंत ओढत राहायचं, झालं काम. माझ्या शेडमध्ये पत्रिकांचा गठ्ठाच असायचा. कुणावर गणपती, कुणावर बुद्ध, कुणावर चाँदतारा, कुणावर क्रूस. टिकल्यांनी कधी तक्रार केली नाही.

नंतर नंतर तर रिवाजच पडला. माझ्या गिऱ्हाइकाच्या घरी लग्न निघालं की पहिली पत्रिका त्यांच्या देवाला आणि दुसरी मिस्त्रीला. मी त्यांच्यासमोरच तिची पट्टी कापायचो आणि त्यांच्याच टूलबॉक्समध्ये ठेवून द्यायचो. "मधे समुद्रात लंगडायला लागलं तर टोपडं काढ, चाकाच्या खिडकीतून पट्टी घाल, ओढ." चाकाला एक छोटी खिडकी असते, तिथून पॉइंट दिसतात. चाक उतरवायची गरज नाही. एवढं सगळ्यांना शिकवून ठेवलेलं. उगाच रात्री-बेरात्री माझा फोन वाजायला नको, हा त्यातला खरा हेतू.

गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुने होते. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला द्यायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या एका शेठने तो मशीनच्या डोक्यावर फोडला. का, तर वर्षभर पोट कोण भरतं? भावना बरोबर आहे हो, पण गोड पाणी टोपड्याच्या फटीतून सरळ कॉइलवर गेलं. दुसऱ्या दिवशी मशीन हलेना आणि आत मुंग्यांची रांग. दुसरे एक गृहस्थ गिरगावातले, हौसेखातर होडी ठेवलेली. पावसाळ्यात मशीनला सर्दी होऊ नये म्हणून त्यांनी ते घरी पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवलं. उंदराला आयतं घर मिळालं. त्याने प्लगच्या दोन्ही वायरी खाल्ल्या. वहिनी मला म्हणतात, "भाऊ, आधी उंदीर काढा, मग मशीनचं बघू." मी दोन्ही काढलं. चहा मात्र एकदाच मिळाला.

हसायला ठीक आहे. पण ज्या दिवसामुळे मी हे सगळं लिहायला बसलो तो दिवस हसण्यासारखा नव्हता.

हिराजी माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. माझगावच्या बाजूचा कोळी, माझ्याच वयाचा. मशीनही आमच्याच वयाचं म्हणा ना, दोन सिलिंडरचं, पॉइंटवालं. त्याला कितीदा सांगितलं, "हिरा, नवीन घे आता, याचे पार्ट मिळत नाहीत." तो म्हणायचा, "बायको पण जुनीच हाय, तिचे तरी कुठं मिलतात?" त्याची बायको मथुरावहिनी ते ऐकून भाकरीचं पीठ त्याच्या अंगावर उडवायची. त्याला एकच मुलगी आणि एकच मुलगा. मुलगी सोनल मोठी, परळच्या एका दवाखान्यात नर्स. मुलगा नितीन धाकटा.

हिराजीला बिडीचा नाद. सोनलच्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्याची छाती भरली, चार दिवस ऑक्सिजनवर काढले. घरी आल्यावर सोनलने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घ्यायला लावली, यापुढे बिडीला शिवणार नाही. तेव्हा मी तिथेच होतो. हिराजीने शपथ घेतली आणि लहान मुलासारखा रडला. "माझ्या पोरीची आन हाय," म्हणाला. नंतर सगळ्या वाड्यात तो हे अभिमानाने सांगत फिरायचा.

मागच्या लग्नसराईत सोनलचं लग्न ठरलं. पत्रिका आली ती काय वर्णावी! हातात धरली की आरशासारखी चमकायची. सोनेरी होड्या, सोनेरी मासे, अत्तराचा वास. हिराजी स्वतः घेऊन आला. मी त्याआधीच शेड बंद केली होती, गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. तरी म्हणाला, "मिस्त्री, दुसरी तुझी. रिवाज हाय." मी ती घरी शोकेसमध्ये ठेवली.

हळदीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दारापुढे मांडव, बेंजो पार्टी जोरात, बायकांनी सोनलला हळद लावायला घेतलेली. हिराजी मात्र जागेवर नाही. वहिनी म्हणाल्या, तो होडी घेऊन खाडीपलीकडे उरणच्या मोऱ्याला गेलाय, सोनलच्या मामाला आणायला. त्यांच्या घरात रीतच आहे, नवरीचा मामा पाण्यातून येतो, होडीला फुलं बांधून. मी म्हटलं, "अहो, आता एवढा मोठा पूल झालाय, गाडीने अर्ध्या तासात आला असता." वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसून लाडू खाल्ला.

लाडू तोंडात असतानाच माझा फोन वाजला. हिराजीचा. इतकी वर्षं मशीनांजवळ काढल्यामुळे माझे कान गेलेत, मी फोन नेहमी स्पीकरवर लावतो. तसाच लावला.

"मिस्त्री, मशीन बंद परलंय."

"कुठे आहेस?"

"मधे. जहाजाच्या वाटेवर. ओहोटी ओढतेय."

मी उभा राहिलो आणि बेंजोवाल्यांवर ओरडलो, "ए, बंद करा रे ते!" मांडव गप्प झाला. ज्यांना समजलं नाही त्यांना शेजारच्यांनी समजावलं. बंदराच्या मधोमध मोठ्या जहाजांची खोल वाट असते. ती जहाजं म्हणजे तरंगत्या इमारती, त्यांना पटकन थांबता येत नाही, वळता येत नाही. लहान होडी वरून त्यांना दिसतही नाही. हिराजीने नांगर टाकला होता, पण तिथे पाणी खोल, दोर पुरत नव्हता. वल्ह्याने ओहोटीपुढे दोन म्हातारे किती मारणार? नितीन दुसरी होडी काढायला धक्क्याकडे धावला. पण ओहोटीच ती, किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या गाळात बसलेल्या. कुणी पोलिसांना फोन लावत होतं. सोनल अंगभर हळद घेऊन उठली आणि मांडवाबाहेर निघाली. बायकांनी तिला धरलं, हळद लागलेल्या नवरीने मांडव सोडायचा नसतो. ती "सोडा मला, सोडा" म्हणत होती.

मी म्हटलं, "हिरा, घाबरू नको. मी विचारतो तेवढंच सांग. पेट्रोल येतंय?"

"येतंय. नळीवरचा फुगा दाबून बघितला, कडक हाय."

"प्लग काढून बघितलेस?"

"काढले. बॉडीला लावून मामानं दोरी ओढली. ठिणगी नाय."

"एकावर की दोन्हीवर?"

"दोन्हीवर."

इथे मी थबकलो. पॉइंटच्या दोन जोड्या आपल्या आपण एकाच वेळी मरत नाहीत. कुणीतरी माराव्या लागतात. विचारलं, "आधी काय झालं होतं?"

"एका पायावर चालत व्हतं. म्हटलं नवरीच्या मामाला काय असा लंगरत आणू? बंद केलं, टोपडं काढलं, पॉइंट पुसला. मग म्हटलं उघडलंच हाय तर दुसरा पण पुसून घेऊ."

"कशाने पुसलास?"

"पत्रिकेनं. तूच शिकवलंस ना."

"कुठली पत्रिका?"

तो म्हणाला, "सोनलची. जुनी पट्टी टाकून दिली मी. माझ्या पोरीची नवीन पत्रिका असताना जुनी कशाला?"

माझ्या शेजारी ताटात पत्रिकांचा गठ्ठा होता. एक उचलली आणि नखाने खरवडली. वरचा सोनेरी पापुद्रा सालीसारखा निघून आला. पातळ प्लास्टिक. डोक्यात लख्ख उजेड पडला. हिराजीने प्रेमाने पत्रिकेची पट्टी ओढली होती आणि प्लास्टिकचा पापुद्रा दोन्ही जोड्यांच्या मधे सोडून दिला होता. टिकल्या टेकत होत्या, पण मधे पदर. करंट जाणार कुठून? एक जोडी आधी धडधाकट होती, तीही याने मारली.

"हिरा, खिडकीतून आत बघ. काही चमकतंय?"

"हां. सोनेरी कायतरी हाय."

"तेच. ते खरवडून काढायचं. होडीत काय आहे? पॉलिश पेपर?"

"नाय."

"कानस?"

"घरी."

"कोरडा पुठ्ठा?"

"सगळं भिजलंय मिस्त्री. फुलं सुकू नयेत म्हणून पाणी मारलं ना." मागून मामाचा आवाज आला, "जहाज दिसतंय रे, लवकर कर!" मामा म्हणजे वहिनींचे थोरले भाऊ, सत्तरीचे. त्यांचा आवाज ऐकून वहिनी माझ्या अगदी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

बोट त्या खिडकीत जात नाही. सुरी घातली तर टिकली वाकडी होते, मग ब्रह्मदेव आला तरी चालू होणार नाही. आणि तेव्हा मला चाचांची आणखी एक गोष्ट आठवली. काडेपेटी! काडी ओढायची बाजू खरबरीत असते, तिने खरवडायचं. आतल्या खणाचा पुठ्ठा कोरा असतो, त्याने पुसायचं. एकाच पेटीत कानस आणि पट्टी दोन्ही.

"हिरा, काडेपेटी आहे?"

मी फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज चढवला.

"हिरा, ऐकू येतंय का? काडेपेटी आहे का होडीत?"

"नाय," हिराजी म्हणाला.

पण ते 'नाय' कसं होतं! मी त्याला चाळीसेक वर्षं ओळखतो. मशीन खोटं चाललं तर मला कळतं, माणूस कळणार नाही? मी म्हटलं, "नीट आठव." तो पुन्हा म्हणाला, "नाय सांगतंय ना. मी काय करू काडेपेटी ठेवून?" समोरून जहाज येतंय आणि याला बायकोची आणि पोरीच्या शपथेची भीती! फोन स्पीकरवर आहे हे त्याला माहीत, मी बहिरा असल्याचं सगळ्या धक्क्याला माहीत.

मथुरावहिनींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "अवो, खरं सांगा. असेल तर मी काय पण बोलणार नाय."

तरी 'नाय'च.

तेवढ्यात सोनल बायकांचे हात झटकून आली. हळदीने माखलेल्या हातात तिने फोन धरला आणि म्हणाली, "बाबा, आहे ना तुमच्याकडे? सांगा ना आहे म्हणून. मी शपथ घातली होती, मला ठाऊक आहे. पण तुम्ही मोडली असेल ना हो? मोडली असू दे. माझ्यासाठी मोडली असू दे."

असं मागणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सोनलची आत्या तर हात जोडून एकवीरेला म्हणत होती, "आई, त्याने बिडी ओढलेली असू दे."

फोनमधून मामांचा आवाज गरजला. "हाय त्याच्याकडं! येताना दोन ओढल्यान माझ्यासमोर! काढ रे मेल्या!"

आणि मग हिराजी बारीक आवाजात म्हणाला, "हाय."

मांडवात जो आरडाओरडा झाला! "आहे! आहे!" लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. बिडी ओढल्याबद्दल माणसाचा एवढा जयजयकार मी तरी पहिल्यांदाच ऐकला. वहिनी एका डोळ्याने रडत होत्या आणि दुसऱ्याने दात-ओठ खात होत्या. मी फोन परत घेतला.

"कोरडी आहे का?"

"प्लगच्या डब्यात ठेवलीय. घट्ट झाकण. बायको तिथं कधी बघत नाय."

"शहाणा आहेस. काड्या सगळ्या पाण्यात टाक, तिथे पेट्रोल उघडं आहे. आता पेटीची खरबरीत बाजू फाड. ती दुमड, म्हणजे दोन्हीकडून खरबरीत येईल. मामांना चाक हळू फिरवायला सांग. टिकल्या उघडल्या?"

"उघडल्या."

"आत सरकव. आता चाक फिरवून मिटू दे. मिटल्या की ओढ. पुन्हा उघड, पुन्हा सरकव, पुन्हा ओढ. सोनेरी निघतंय का?"

"निघतंय... निघतंय. वळी होऊन आलं."

"आता आतल्या खणाचा पुठ्ठा घे. तसंच ओढ. काळी रेघ येते का?"

"येते. आता कमी येते. आता कोरा आला."

"झालं. आता ते प्लग लावून दोरी गुंडाळ."

"दुसरा पॉइंट?"

"दुसऱ्याला हात लावू नको!" मी असा ओरडलो की बेंजोवाल्याच्या हातातली काठी पडली. "तेवढा वेळ नाही, एका पायावर ये. लंगडत ये, पण ये."

फोनवर जहाजाचा भोंगा ऐकू आला. लांबलचक. मांडवातलं एक लहान पोर त्या आवाजाने रडायला लागलं. हिराजी दोरी ओढत होता. नुसता घर्रकन आवाज. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मी मनात म्हणत होतो, एक ठिणगी, बाबा, एक. जन्मभर तुझी चाकरी केली, आज एक दे. तिसऱ्यांदा मशीन खोकलं. मग पुन्हा खोकलं. आणि मग तो लंगडा, बेताल, फटफट-फट, फटफट-फट आवाज सुरू झाला. त्याच क्षणी फोन कट झाला.

पुन्हा लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. वहिनी म्हणाल्या, "चालू झालं ना? तुम्ही ऐकलंत ना?" मी म्हटलं, "ऐकलं." पण भोंगाही ऐकला होता. चालू झालेलं मशीन त्याला बाजूला काढेपर्यंत टिकलं की नाही, हे मला कुठे ठाऊक? मी मिस्त्री आहे, ज्योतिषी नाही. हे मात्र बोललो नाही. सोनल माझ्या शेजारी बसली होती. तिची हळद माझ्या शर्टाला लागत होती आणि ती एकच विचारत होती, "काका, एका पायावर येतं ना मशीन?" मी म्हणत होतो, "येतं गं. कितीदा आलंय."

मग नितीनचा फोन आला. धक्क्यावरून. पोराला बोलता येत नव्हतं, हुंदके. मग म्हणाला, "काका, आले. फुलांची होडी दिसतेय. मामा उभे राहून शिव्या घालतायत, इथपर्यंत ऐकू येतंय."

मी बसलो तो उठलोच नाही. कुणीतरी पाणी दिलं, ते अर्धं अंगावर सांडलं. आणि मी रडलो, त्याची लाज वाटत नाही. बेंजोवाल्यांनी न सांगता वाजवायला सुरुवात केली.

हिराजी मांडवात आला तो सगळ्यात मागून, मामांच्या पाठीआड लपून. मामांना ओवाळलं, त्यांचे पाय धुतले. याच्याकडे कुणी बघेना, म्हणजे सगळे त्याच्याकडेच बघत होते. सोनल पुढे झाली आणि दोन्ही हात हळदीसकट त्याच्या पांढऱ्या शर्टावर छापले, छातीच्या मधोमध, आणि तसंच डोकं टेकवून उभी राहिली. हिराजी हात वर करून उभा. पोरीला धरू की नको, त्याला समजेना.

मथुरावहिनींनी शब्द दिला होता, काही बोलणार नाही म्हणून. बोलल्या नाहीत. फक्त दुकानातून एक नवी काडेपेटी मागवली, सगळ्या काड्या काढून देव्हाऱ्यात ठेवल्या आणि रिकामी पेटी माझ्या हातात दिली. "भावोजी, ही तुमच्या हातानं त्यांच्या टूलबॉक्समधे ठेवा. पेटी मशीनला लागते म्हणता ना? मग पेटी घ्या. काड्या माझ्याकडं." मी ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरी जोडीही साफ करून दिली. तेवढ्यासाठी गुडघ्यांनी परवानगी दिली.

ते मशीन आता नाही. नितीनने नवीन घेतलं, त्यात पॉइंट नाहीत, सगळं बंद डब्यात. बिघडलं की डबा बदलायचा. त्यात पुसण्यासारखं काही नाही आणि मला विचारण्यासारखंही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी फोन वाजला आणि तो कुणाच्या तरी वाढदिवसाचा निघाला, की मी सुटल्यासारखा श्वास घेतो. आता कुणी मधे समुद्रातून मला हाक मारत नाही. फार बरं वाटतं.

लग्न छान झालं. मामांनी नवरीला मांडवात आणलं तेव्हा ते थोडे लंगडत होते. दोरी ओढून ओढून कंबर धरली होती. पाठवणीच्या वेळी सोनल सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली. शेवटी बापासमोर आली. हिराजीने डोळे पुसले, घसा खाकरला आणि आपला हात तिच्या डोक्यावर ठेवत म्हणाला, "पोरी, आता खरंच सांगतंय, तुझ्या डोक्यावर हात ठेवून..."

तिने त्याचा हात डोक्यावर तसाच धरून ठेवला.

"शपथ नको, बाबा," ती म्हणाली. "हात नुसताच ठेवा."